लोट्याने सांगितलेलं नाव

आमच्या घरात चोरी झालीच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी झुमके शोधत बसणार नाही. आम्ही शोधत बसलो होतो, तेवढं पुरे झालं.

आणखी एक. यात कुणाचंच नाव मी घेणार नाही. जिच्याबद्दल लिहायचंय तिचं नाव एकदा माझ्या हातानं चिठ्ठीवर लिहून झालंय. पुन्हा लिहायची हिंमत नाही.

जळगावात आमचं घर गाद्यांच्या दुकानामागे होतं. आम्ही पिंजारी. अब्बा कापूस पिंजायचे, गाद्या-रजया भरायचे. दुकानातला कापूस उडून घरात यायचा, पापण्यांवर बसायचा, पिठात पडायचा. अम्मा म्हणायची, या घरात डाळ टाकली तरी शिजतो कापूसच. घर दोन खोल्यांचं, मागे अंगण, अंगणात मोरी. माणसं पाच: अब्बा, अम्मा, मोठी बहीण, म्हणजे माझी आपा, मी आणि फुफू.

फुफू म्हणजे अब्बांची धाकटी बहीण. तिचं लग्न धुळ्याकडच्या एका खेड्यात झालं होतं. नवरा ट्रकवर होता. तो सुरतेला कामाला गेला आणि ही दोन जोडी कपडे आणि एक पत्र्याची पेटी घेऊन भावाकडे आली. तेव्हा मी चौथीत होते. 'बस्तान बसलं की बोलावणार आहे,' असं तिनं आल्या आल्या सांगितलं आणि मग पुढची दहा वर्षं जो विचारेल त्याला तेच सांगत राहिली. गळ्यात काळी पोत, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. अब्बांशी ती अहिराणीत बोलायची, कारण दोघं खेड्यातच वाढलेली. आम्ही पोरी मराठी शाळेतल्या, तिच्या बोलण्याला हसायचो. ती रागवायची नाही.

भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला मान कमीच असतो. दोन घास जास्त खाल्ले तरी डोळ्यावर येतात. पण फुफूला एक मान होता. मोहल्ल्यात कुणाचंही लग्न असलं की हळदीला पहिला हात तिचा. आमच्याकडे नवरीला हळद सुहागनींनीच लावायची असते. फुफूच्या हातची हळद चढते, असं बायका म्हणायच्या. हळदीच्या आदल्या दिवशी ती हात धुऊन, बांगड्या पुसून अशी बसायची की बघत राहावं. नवरा दहा वर्षं फिरकला नव्हता, पण पोत गळ्यात होती आणि पोतीमुळे तो मान होता. तिच्याजवळ त्याखेरीज काहीच नव्हतं, हे आता कळतं.

अब्बा जमातीच्या पंचांपैकी एक होते. शिक्षण सातवीपर्यंत, पण रोज दुपारी दुकान अर्धं ओढून घेऊन मसल्यांची, म्हणजे धर्मातल्या नियमांची, जुनी पुस्तकं वाचत बसायचे. मोहल्ल्यातले लोक त्यांना भाऊ म्हणत आणि भांडणं घेऊन त्यांच्याकडे येत.

एकदा पाच-सहा जण तावातावानं आले. मागच्या गल्लीतला एकजण रोज घरात दार लावून दारू पितो, वास येतो, भाऊ तुम्ही चला, आपण दार ढकलून त्याला रंगेहाथ पकडू. अब्बांनी हातातली सुई खाली ठेवली नाही.

"दार बंद असतं ना?" त्यांनी विचारलं.

"बंदच असतं."

"मग ते त्याचं घर आहे. रस्त्यावर येऊन धिंगाणा घातला तर पहिला हात मी धरीन. बंद दाराआडचं बघायला आपल्याला सांगितलेलं नाही. उलट बघू नका म्हणून सांगितलंय. दार ढकलून आत गेलात तर त्याचा गुन्हा एक आणि तुमचे दोन."

लोक कुरकुरत गेले. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि कॉलेजात गेलेल्या पोरीला आपला बाप अडाणी वाटतोच. मी म्हटलं, "अब्बा, असं म्हणून सगळे गुन्हेगार दार लावून बसतील. कुणी बायकोला मारत असेल तर?"

"मारलं तर ती ओरडेल. ओरडणं बाहेर आलं की दार बंद राहिलं का? मग फोडा ना. जिवावर बेतलं असेल तर विचारत बसू नका." मग दोरा ओढून घेत म्हणाले, "आणि पोलिसांचं काम पोलिसांना करू दे. त्यांना कायदा आहे, कागद आहे. आपल्याला काय आहे? नुसतं कुतूहल."

मला ते पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटत नाही. बाया ओरडत नाहीत, हे अब्बांना ठाऊक नव्हतं. पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर मी हातावर वळ घेऊन येणाऱ्या मुली पाहिल्या, ज्यांच्या घरातून कधी आवाज बाहेर आला नव्हता. पण कुतूहलाबद्दल ते जे म्हणाले ते खरं होतं, आणि तेच नेमकं माझ्या डोक्यावरून गेलं.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण बहुधा माझ्यासारखीला पाहूनच कुणीतरी केली असावी. फुफू पहाटेची नमाज झाली की आमच्या खोलीच्या कोपऱ्यात तिच्या पेटीपुढे बसायची, दाराकडे पाठ करून. झाकण थोडंसंच उघडायची, आत हात घालायची, काहीतरी चाचपायची आणि पेटी पुन्हा लावायची. मी गोधडीच्या फटीतून बघायचे. एकदा नाही, कितीतरी वेळा. विचारलं असतं तर कदाचित तिनं सांगितलंही असतं. पण चोरून बघण्यात जी मजा असते ती विचारण्यात नसते.

त्या पेटीची किल्ली कुठे असते हे फक्त मला माहीत होतं. ते मी चोरून पाहिलेलं नव्हतं, तिनंच सांगितलं होतं. एका उन्हाळ्यात तिला विषमज्वर झाला होता. घरात दोघीच होतो. मला जवळ बोलावून ती म्हणाली, "मनं काही बरंवाईट व्हयनं ते पेटीमा मना कफनना कपडा शे. किल्ली मनी रजईना कोपराना चोरखिसामा शे, पायथाकडला. तुले सांगी ठेवस. दुसरा कोनले सांगू नको." मी मान हलवली. ती बरी झाली आणि तो विषय तिथंच राहिला.

मग आपाचं लग्न ठरलं. सोळा वर्षं झाली त्याला.

सासरची माणसं नशिराबादची, आमच्यापेक्षा बरी. हळदीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडच्या बायका जोडा, म्हणजे नवरीचे कपडे, आणि दागिने घेऊन आल्या. त्यात सोन्याचे झुमके होते. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिले, आपाच्या कानाला लावून पाहिले, मग झुमके डबीत घालून आतल्या खोलीतल्या कपाटात गेले. निदान आम्ही तसं समजत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फुफूनं आपाला हळद लावली. दुपारी अम्मानं कपाट उघडलं तर डबी होती, झुमके नव्हते.

अब्बा सकाळच्या गाडीनं पाचोऱ्याला गेले होते, तिथल्या नातेवाइकांना घेऊन यायला. संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. अम्मा डबी उलटी करकरून बघत राहिली. लग्न एका दिवसावर, आणि सासरचा दागिना आमच्या घरातून नाहीसा. उद्या आपाला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल की हिच्या माहेरी चोर राहतात. ही भीती खोटी नव्हती. अम्माला मी पुष्कळ दोष दिला आहे, पण त्या दुपारचा तिचा चेहरा आठवला की दोष देणं थांबतं.

माझी खाला, म्हणजे अम्माची बहीण, लग्नासाठी आलेली होती. ती म्हणाली, लोटा फिरवून घेऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वजूचा, म्हणजे नमाजीआधी हातपाय धुवायचा, तोटीवाला तांब्याचा लोटा घेतात. दोघींनी समोरासमोर बसायचं आणि उजव्या हाताच्या एकेका बोटावर लोटा त्याच्या गळ्याच्या कंगोऱ्यापाशी तोलून धरायचा. ज्यांच्यावर संशय असेल त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या करायच्या आणि एकेक चिठ्ठी लोट्यात टाकायची. जाणता माणूस काहीतरी पुटपुटतो. चोराचं नाव आत पडलं की लोटा आपोआप फिरतो. चिठ्ठी बाहेर काढून वाचायची. लोटा धरणारींपैकी एक कुंवारी असावी लागते.

अब्बांनी हा प्रकार मोहल्ल्यात कधी होऊ दिला नव्हता. ते म्हणायचे, आरोप करणाऱ्यानं साक्षीदार आणावा, आणि साक्षीदार नसेल तर ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याकडून शपथ घ्यावी आणि विषय संपवावा. त्याच्या पुढे वाट नाही. लोट्याला काय कळतं, तो पाण्याचा आहे. पण अब्बा पाचोऱ्याला होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. घरात मसला जाणणारा माणूस असताना आम्ही दोन गल्ल्या पलीकडून ताईत विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला बोलावून आणलं.

चिठ्ठ्या मी लिहिल्या, कारण अक्षर माझं चांगलं. आतल्या खोलीत जाऊन आलेल्या सात जणींची नावं, माझं धरून. कुंवारी म्हणून लोटाही मीच धरला. समोर खाला बसली. फुफू उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. तिला यात काही वावगं वाटलं नाही. 'व्हई जाऊ दे,' असंच ती म्हणाली.

पहिली चिठ्ठी पडली, लोटा स्थिर. दुसरी, तिसरी, स्थिर. चिठ्ठ्या घड्या करून मिसळलेल्या होत्या, पण घडी मी घातलेली होती. फुफूचं नाव लिहिताना शाई थोडी पसरली होती आणि कागदाच्या मागच्या बाजूला निळा डाग उमटला होता. म्हाताऱ्यानं चौथी चिठ्ठी उचलली तेव्हा मला तो डाग दिसला. माझ्या डोळ्यांपुढे पहाटेची तिची पाठ आली, झाकण अर्धं उघडणारे हात आले. आणि लोटा फिरला.

मी फिरवला नाही. हे मी शपथेवर सांगू शकते. आणि बोट माझंच होतं, हेही शपथेवर सांगू शकते. मनात जे असतं ते बोटात उतरायला हुकूम लागत नाही, एवढंच मला त्यातून कळलं. बोट किंचित वाकलं असेल. तांब्याचा लोटा तेवढ्यानंही फिरतो.

चिठ्ठी वाचली गेली. फुफू हसली. तिला ती गंमतच वाटली आधी. मग तिनं सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि हसणं थांबवलं.

"पेटी उघड," खाला म्हणाली.

"भाऊ येवू दे," फुफू म्हणाली. "भाऊ उना की मी सोता उघडी देसू. त्याना पुढे."

हे म्हणणं किती साधं होतं. भाऊ येईपर्यंत थांबा. दोन तासांचा प्रश्न होता. पण लपवायचं काही नसेल तर आता का नाही, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. लपवण्यासारखं काही असणं आणि चोर असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या खोलीतल्या एकीच्याही ध्यानात आलं नाही. फुफू किल्ली देईना. ती मागच्या अंगणात जाऊन मोरीपाशी बसली, तोंड भिंतीकडे करून. बायकांनी तिची उशी चाचपली, कपडे झटकले. किल्ली सापडेना. अम्मा तर म्हणालीही, राहू द्या, ते येतील तेव्हा बघू.

तेव्हा मी बोलले. मला कुणी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "रजईच्या कोपऱ्यात आहे. पायथ्याच्या."

एवढंच वाक्य. सोळा वर्षं झाली, अजून ते माझ्या आवाजात ऐकू येतं.

पेटीत झुमके नव्हते. पांढऱ्या कापडाची घडी होती, अत्तराची रिकामी कुपी होती, एक न नेसलेली हिरवी साडी होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला स्टँप पेपर होता. खालानं तो माझ्या हातात दिला, कारण हिंदीतलं टाइप केलेलं झरझर वाचणारी मीच. शाळेत प्रकट वाचनात माझा पहिला नंबर यायचा. मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आणि अर्धं वाचून झाल्यावर आपण काय वाचतोय ते मला समजलं. तलाकनामा होता. सुरतेहून आलेला. आठ वर्षं जुना.

आठ वर्षं ती आम्हाला 'बोलावणार आहे' सांगत होती. आठ वर्षं पोत घालत होती. रोज पहाटे ती पेटीत हात घालून तो कागद अजून तिथंच आहे ना एवढंच बघत असली पाहिजे. चोर पैसे लपवतो तसं तिनं आपलं दुःख लपवलं होतं, आणि आम्ही ते पंचनामा केल्यासारखं बाहेर काढून चटईवर मांडलं.

झुमक्यांचं क्षणभर कुणाला भानच राहिलं नाही. खाला म्हणाली, "म्हणजे तलाकवालीच्या हाताची हळद लागली पोरीला." बस, मग घरात आग लागल्यासारखं झालं. अम्माला दोन्ही गोष्टींचं वाईट वाटत होतं, हळदीचं आणि अब्बांनी हे तिच्यापासून लपवल्याचंही. कारण हा कागद आला तेव्हा तो दुकानाच्या पत्त्यावर आला असणार आणि अब्बांच्याच हातात पडला असणार, हे तिनं तिथल्या तिथं ओळखलं. आपाला मोरीवर बसवून तिच्या अंगावरची हळद धुवायला सुरुवात झाली. आपा रडत होती. फुफू तिथेच, हातभर अंतरावर, भिंतीला टेकून. पिवळं पाणी तिच्या पायांवरून वाहत गेलं. तिनं पाय बाजूला घेतले नाहीत. नंतर खालानं नवी हळद कालवली आणि दुसऱ्या बाईकडून लावून घेतली.

अब्बा दिवेलागणीला आले. सोबतच्या पाहुण्यांना शेजारी बसवलं आणि आत आले. पेटी उघडीच पडली होती.

"कुलूप कोनी उघडं?" त्यांनी विचारलं. रागावले की ते खेड्यातलं बोलत.

मी अम्माच्या मागे होते. अम्माला माहीत होतं, खालाला माहीत होतं. अब्बांनी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर अम्मानं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. पुढे मरेपर्यंत कधी विचारलं नाही.

ते कागद घडी घालून पिशवीत ठेवत राहिले आणि खालाशी, अम्माशी, कुणाशीच न बोलता बोलत राहिले. "चोर धरायची वाट दिलीय ना धर्मानं. विचारा. साक्ष आणा. शपथ घ्या. ती म्हणत होती भाऊ येऊ द्या. नाही थांबता आलं? जे झाकलेलं होतं ते कुणाचं काय घेत होतं? आणि तलाकवालीच्या हाताची हळद चालत नाही हे कुठं लिहिलंय, मला दाखवा." मग अंगणात जाऊन बहिणीच्या पुढ्यात बसले. "चाल, उठ. जेवी ले."

ती म्हणाली, "तू तुनं करं, भाऊ. आते मी मनं देखसु." आणि पोत गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नशिराबादहून फोन आला. एका झुमक्याची फिरकी सैल होती म्हणून त्यांच्याकडच्या बाईनं परवा जाताना झुमके काढून घेतले होते, सोनाराकडे दाखवायला. तुमच्याकडच्या एकीला सांगितलं होतं म्हणे, रिकामी डबी ठेवते म्हणून. झुमके दुरुस्त होऊन आले होते, लग्नात घालणार होते. सगळं सुरळीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर इथं चोरही नव्हता. त्या बाईनं कुणाला सांगितलं होतं आणि कोण विसरलं होतं, याची खाला लगेच चौकशी करायला निघाली. अब्बांनी तिला जागच्या जागी बसवलं. "पुन्हा नको," म्हणाले.

लग्न झालं. फुफू दोन्ही दिवस मागे भांड्यांपाशी होती. कुणी तिला वाईट बोललं नाही. उलट बायका फार गोड बोलत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. झुमक्यांची माफी अम्मानं तिच्याकडे मागितली, पाय धरून मागितली. फुफूनं तिला उठवलं. पण तिचं जे उघडं पडलं होतं त्याची माफी कशी मागायची, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. झाकली मूठ उघडली की पुन्हा मिटून काय उपयोग. मोहल्ल्यातलं पुढचं लग्न पंधरा दिवसांत होतं. तिला बोलावणं आलं नाही.

महिन्याभरात अब्बांनी तिला धुळ्याला पोचवलं. तिथं एक खोली बघून दिली, रजयांच्या खोळी शिवायचं काम मिळवून दिलं. आणि पंचांमधून नाव काढून घेतलं. लोक समजवायला आले तेव्हा म्हणाले, ज्याला स्वतःच्या घरातलं कुलूप राखता आलं नाही त्यानं दुसऱ्याच्या दारावर काय बोलायचं. दर महिन्याला ते एसटीनं धुळ्याला जायचे. फुफू मात्र आमच्या घरी परत आली नाही. अब्बा गेले तेव्हा आली, शेजारच्यांच्या ओट्यावर बसली आणि मयत उठल्यावर तिथूनच परत गेली.

नशीब असं की मला नोकरी धुळ्यातच लागली. सासरही तिथलंच. फुफूची खोली माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. मी ईदेला डबा पाठवायचे, स्वतः जायचे ती कुणालातरी बरोबर घेऊन, म्हणजे एकटीनं बोलायची वेळ येऊ नये. इतकी वर्षं असं चाललं. मी पोरांना धडे शिकवत होते, खरं बोलावं, चूक कबूल करावी वगैरे.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या मोबाइलवरच्या गटात एक व्हिडिओ आला. एका लग्नाच्या हॉलमधला, भिंतीवरच्या कॅमेऱ्यातला. बुरखा वर केलेली एक बाई खुर्चीवरची पर्स उचलताना दिसत होती. खाली लिहिलं होतं, ओळखा आणि पुढे पाठवा. दुपारपर्यंत तिचं नाव, गल्ली, नवऱ्याचं काम, सगळं गटात आलं. संध्याकाळी कुणीतरी लिहिलं की पर्स तिच्याच जावेची होती आणि जावेनंच तिला आणायला सांगितली होती. त्यावर चार जणींनी हात जोडलेलं चित्र टाकलं आणि मग कुणीतरी भरताच्या वांग्यांचा भाव विचारला. मीही सकाळी तो व्हिडिओ दोनदा पाहिला होता, चेहरा मोठा करून.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच फुफूकडे गेले. ती आजारी होती, डोळेही अधू झाले होते. खाटेवर बसून खोळीला टाके घालत होती, नजरेनं नाही, बोटांनी. मी खाली बसले. आमच्यात माणसाचा अपराध केला असेल तर देव ते माफ करत नाही, ज्याचा केला त्याच्याकडूनच माफी घ्यावी लागते. अब्बांनी हे शंभरदा सांगितलं होतं. मी तीच घ्यायला आले होते. आता नाही तर केव्हा, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं.

"फुफू, त्या दिवशी लोटा फिरला ना," मी म्हटलं, "माझ्या बोटानं फिरला तो. मला वाटत होतं की तूच..."

ती हसली. "लोटाना काय. तो कोनाबी हातमा फिरस." टाका घालणं चालूच.

"नाही, ऐक. अजून आहे. ती किल्ली..."

तिचा हात थांबला. तिनं सुई खोळीत टोचून ठेवली, चाचपत हात पुढे केला आणि माझ्या तोंडावर ठेवला. तळवा खरखरीत होता.

"मी तुले कधी इचारं का?"

मी मान हलवली. नाही.

"सोळा वरीस व्हई ग्यात. इचारं का कधी?"

नाही.

"मंग जे मी इचारं नही, ते तू सांगू नको."

तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मोरीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली होती तेव्हापासून. किल्ली तिनं मला एकटीलाच सांगितली होती, मग शोध घ्यायला उरलं काय होतं. आणि तरी तिनं मला कधी विचारलं नव्हतं. आम्ही तिची पेटी फोडली, आणि ती सोळा वर्षं माझ्या पेटीवर बसून राहिली, कुणाला हात लावू न देता, मलाही नाही.

मी माफी घ्यायला गेले होते. पण गुन्हा तिनं बोलूच दिला नाही, आणि न बोललेल्या गुन्ह्याला माफी कोण देणार. तिनं मला झाकलं, ह्याहून मोठी दया नसेल. ह्याहून मोठी शिक्षाही मला माहीत नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि ती कशाबद्दल रडतेस असंही म्हणाली नाही.

पावसाळ्याआधी ती गेली. गुसल द्यायला, म्हणजे मयताला अंघोळ घालायला, बसलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे विचारलं, हिचं कुणाचं काही देणं, हिच्याकडून झालेला कुणाचा काही अपराध राहिलाय का, असेल तर आत्ताच सांगा. सगळ्या नाही म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं, आणि मीही नाही म्हटलं, कारण तिच्याकडून कुणाचा काही अपराध झालेला नव्हता. उलट बाजूनं काही असेल तर ते विचारायची रीत नाही.